लपवण्याची तसदी

सिनेमात रेकॉर्डरूम आली की ताईचं डोकं फिरायचं. नायक कुलूप तोडून आत शिरतो, टॉर्च फिरवतो, तिसऱ्या कपाटातला दुसरा खण उघडतो आणि लाल अक्षरांत 'अतिगोपनीय' लिहिलेली फाईल अलगद त्याच्या हातात येते. ना शिंक, ना झुरळ.

"एकोणतीस वर्षं झाली मला," ताई टीव्हीकडे बोट करून म्हणायची, "अतिगोपनीय लिहिलेली एक फाईल माझ्या नजरेला पडली नाही. आमच्याकडे लाल शाई फक्त कॅन्टीनच्या कुपनांवर असते."

"गप्प बसा हो ताई," वहिनी म्हणायची. "आता गाडी येईल."

आणि गाडी यायचीच. काळी, काळ्या काचांची. वहिनी समाधानाने पाय वर घेऊन बसायची.

ताई पाणीपुरवठा खात्याच्या मुख्य कचेरीत रेकॉर्डकीपर होती. तळमजल्यावर जिन्याखालून आत गेलं की एक लांबट खोली, लोखंडी मांडण्यांच्या अकरा रांगा, आणि दाराशी तिचं टेबल. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलंच तर "ती फाईल सापडत नाही" असं सांगून मोकळी व्हायची. वहिनी म्हणजे तिच्या थोरल्या भावाची, दादाची, बायको. दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि शाळेचे गणवेश शिवायची. दादा जाऊन अकरा वर्षं झाली होती. नणंद-भावजय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जे येतं, ते या दोघींनी दादा होता तोवर यथास्थित पार पाडलं. तो गेल्यावर भांडणात राम उरला नाही. मग दर रविवारी तीन वाजता वहिनी शिलाई मशीनवर कापड टाकायची, ताई बिस्किटांचा पुडा घेऊन यायची, आणि दोघी सिनेमा लावायच्या.

सिनेमा एकाच जातीचा. सरकारने काहीतरी दडपलंय आणि एक माणूस ते उकरून काढतोय. प्रेमकथा त्यांना नको, भुतं नकोत. "हे प्रकरण वरपर्यंत जातं" हे वाक्य कितव्या मिनिटाला येतं यावर त्यांची पैज लागायची. वहिनी बहुतेक वेळा जिंकायची. नायकाला मदत करणारा म्हातारा अधिकारी बागेतल्या बाकावर भेटला की ताई म्हणायची, "हा गेला." पुढच्या दहा मिनिटांत तो जायचाच.

आता कुणी म्हणेल, पन्नाशी ओलांडलेल्या दोन बायकांना यात एवढं काय गवसलं? सांगते. त्या सिनेमांत एक साधा माणूस मरतो आणि त्याचं मरण लपवायला अख्खं सरकार कामाला लागतं. मंत्र्यांची झोप उडते. फोनवर फोन होतात, बैठका होतात, खोटे दाखले तयार होतात, साक्षीदारांच्या मागे माणसं लागतात. एका माणसापायी इतकी धावाधाव. ज्याच्या मरणासाठी एवढे लोक ओव्हरटाईम करतात, तो कुणीतरी असणारच. वहिनीला हे बघून आतून बरं वाटायचं. ताईलाही वाटायचं, फक्त ती तसं बोलून दाखवायची नाही.

दादा पाणी शुद्धीकरण केंद्रात ऑपरेटर होता. एका दुपारी क्लोरीनच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळायला लागला. भिंतीपलीकडे प्राथमिक शाळा होती. दादाने ओला टॉवेल तोंडाला गुंडाळला, आत गेला, व्हॉल्व्ह बंद केला आणि आपल्या पायांनी बाहेर आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात त्याने प्राण सोडला. शाळेतल्या एकाही मुलाला साधा खोकला झाला नाही.

तीन आठवड्यांनी खात्याचा आदेश आला. त्यात लिहिलं होतं, मास्क उपलब्ध असूनही तो न वापरल्यामुळे, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू.

वहिनीने ती ओळ वाचली आणि कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं. मागे काही नव्हतं. दादाबरोबर काम करणारा फिटर पुढे कधीतरी घरी येऊन सांगून गेला की, वहिनी, मास्क नव्हतेच. आम्ही मागून मागून थकलो होतो. चौकशीला इंजिनीअर आले तेव्हा मी तसा जबाब दिलाय, त्यांनी तो लिहूनही घेतलाय. म्हणजे चौकशी झाली होती, अहवाल होता, अहवालात जबाब होता. मग आदेशात 'असूनही' कुठून आलं? फिटर त्यानंतर दोन वर्षांनी वारला. वहिनीने माहितीचे अर्ज केले. प्रत्येकाला एकच उत्तर आलं: 'सदर नोंद आढळून येत नाही.'

आणि ते उत्तर लिहायला कचेरीने खाली कुणाला विचारायचं? रेकॉर्डकीपरला. म्हणजे ताईला. सख्ख्या भावाच्या मरणाचा अहवाल सापडत नाही, असं तिला स्वतःच्या सहीने वर कळवावं लागायचं. ती शोधायची कशी, तर वेड्यासारखी. अपघाताच्या फाइली, केंद्राच्या फाइली, दादाच्या सेवापुस्तकाची फाईल, सगळे गठ्ठे सोडून बांधून झाले. मांडणीवर जिथे तो अहवाल असायला हवा होता, तिथल्या क्रमांकांत एक आकडा गळालेला होता. ती मोकळी जागा पाहून ताईच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"पाणी मुरतंय वहिनी," तिने त्या संध्याकाळी सांगितलं. "कुणीतरी वरून येऊन उचलून नेलीय."

"मला माहीतच होतं," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात दुःखापेक्षा थोडा अभिमानच होता.

पुढची नऊ वर्षं दोघींनी या रागावर काढली. राग चांगला पोसला. केंद्राचे तेव्हाचे प्रमुख, त्यांचे साडू, मास्कचा कुणी कंत्राटदार, एक माजी मंत्री, असे संशयित त्यांनी पक्के केले होते. साहेबांच्या केबिनमधल्या कुलूपबंद कपाटावर ताईचा विशेष डोळा होता. साहेब बदलून गेले तेव्हा ते कपाट उघडलं. आत छत्री, सर्दीच्या गोळ्या आणि कॅलेंडरं निघाली. "हलवलं असणार," वहिनी म्हणाली. ताईला ते पटलं.

मग यंदा एक प्रकार घडला. नवीन भरती झालेल्या ऑपरेटरांचं प्रशिक्षण मुख्य कचेरीत होतं, आणि ताई हजेरीपट द्यायला त्या हॉलमध्ये गेली. पडद्यावर स्लाईड होती. केंद्राचा फोटो, टाकीवर लाल बाण, खाली मोठ्या अक्षरांत: 'मास्क न घालण्याचे परिणाम.' प्रशिक्षक सांगत होता, "हे आपले एक हिरो. टॉवेल बांधून गेले क्लोरीनमध्ये. टॉवेल." हॉल हसला. ताई हजेरीपट टेबलावर ठेवायचा तो खिडकीत ठेवून बाहेर आली आणि सरळ वहिनीच्या दारात उभी राहिली. वहिनीने ऐकून घेतलं, कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, "अपील करायचं. ती ओळ काढायची. स्लाईडही काढायची. मी मरायच्या आधी." अपील गेलं. दोन महिन्यांनी सुनावणीची तारीख आली.

सुनावणीला बारा दिवस उरले असताना ताई फाइली बांधायच्या पांढऱ्या नाड्या आणायला स्टोअरमध्ये गेली. स्टोअर वेगळ्या इमारतीत, त्याचं दप्तर वेगळं. कामाशिवाय तिकडे कुणी फिरकत नाही. स्टोअरकीपर चहाला गेला होता. काउंटरवर साठा नोंदवही पडली होती, कोपरे झिजलेली, दोऱ्याने पेन बांधलेली. कुणीही यावं आणि बघावं. ताई उभ्या उभ्या पानं उलटायला लागली, कारण कागद समोर असताना गप्प बसणं तिला जमत नाही.

'क्लोरीन मास्क' असं एक पान होतं. पहिली ओळ: मागील शिल्लक, निरंक. दुसरी ओळ: खरेदी, नग चोवीस. तारीख दादा गेल्यानंतर पाच महिन्यांनी. पुढे बारीक अक्षरात: संदर्भ, चौकशी अहवाल, त्याची तारीख आणि फाईलचा क्रमांक.

निरंक. म्हणजे त्याआधी खात्याच्या दप्तरी एकही मास्क नव्हता. हे सत्य अकरा वर्षं काउंटरवर उघडं पडलं होतं, त्यावर स्टोअरकीपर चहाचा कप ठेवत होता, आणि ताई कुलूपबंद कपाटांकडे डोळे लावून बसली होती. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. सिनेमाने शिकवलं होतं की खरं असेल ते दडवलेलं असतं. उघड्यावर पडलेल्या वहीकडे बघायची बुद्धीच झाली नाही.

फाईलचा क्रमांक तिने तळहातावर लिहून घेतला. तो अपघाताच्या फाइलींतला नव्हताच. तो होता 'मास्क खरेदीबाबत पत्रव्यवहार' या फाईलचा. आणि मग कचेरीत आयुष्य काढलेल्या बाईला सगळं एका दमात उलगडलं. इंजिनीअरचा अहवाल तीन महिन्यांनी आला. आदेश त्याच्या कितीतरी आधी निघून गेला होता. कुठल्यातरी कारकुनाने छापील नमुन्यातलं 'उपलब्ध असूनही' तसंच ठेवून नाव भरलं असणार. अहवालाच्या शेवटी शिफारस असणार: मास्क ताबडतोब खरेदी करावेत. या कचेरीत कागद काय झालं त्याप्रमाणे लागत नाही, काय करायचं त्याप्रमाणे लागतो. करायची होती खरेदी. म्हणून दादाचं मरण खरेदीच्या फाईलला लागलं. मास्क आले, बिल गेलं, फाईल बंद झाली. जुना आदेश दुरुस्त करायचा असतो, हे कुणाच्या टेबलावरचं काम नव्हतं.

आणि खरेदीचा किरकोळ पत्रव्यवहार 'ड' वर्गात मोडतो. 'ड' वर्गाची फाईल एक वर्ष ठेवायची आणि मग नष्ट करायची. मांडणीवरचा गळालेला आकडा वेगळाच होता. तो क्रमांक मुळात कुणी दिलेलाच नव्हता.

ताई आपल्या रेकॉर्डरूममध्ये परत आली. नष्ट केलेल्या फाइलींची यादी तिच्याच टेबलाच्या खणात असते. तपासणीच्या आधी एकदा तीनशे बारा फाइली काढल्या होत्या, त्यात एकशे शहाण्णवावा क्रमांक तोच होता. खाली लिहिलं होतं, 'फाडून नष्ट केल्या.' त्याखाली सही होती तिची, आणि सहीखाली तिची नेहमीची रेघ.

नियम असा होता की प्रत्येक फाईल हाताने मधोमध फाडायची, म्हणजे कुणी परत वापरू नये. मुखपृष्ठावरचा वर्ग बघायचा, क्रमांक यादीत टाकायचा, फाडायची, पोत्यात टाकायची. दोन दिवस तिने ते केलं होतं. तिला ते दोन दिवस आठवेनात. कितीही डोकं खाजवलं तरी आठवेनात.

वहिनीला सांगायला ती रविवारची थांबली नाही, त्याच संध्याकाळी गेली. आधी 'निरंक' सांगितलं. वहिनी मशीनवरून उठली, तिने ताईचे दोन्ही हात धरले. मग ताईने उरलेलं सांगितलं. वहिनीने हात सोडले.

"तुम्ही फाडलात."

"हो."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. 'ड' वर्ग होता."

"साहेबांनी? त्या केंद्रप्रमुखाने? काही चिठ्ठी, काही फोन?"

"वहिनी, कुणी काही म्हणालं नाही. कुणाला माहीतही नव्हतं त्यात काय आहे."

वहिनीने मशीनवरचं कापड काढून बाजूला ठेवलं. मग तिने विचारलं, "फाडायच्या आधी वाचलात तरी का?"

"नाही."

"एक ओळ?"

"वाचत बसलं तर तीनशे फाइली होतात का गं?" ताईच्या तोंडून निघून गेलं, आणि निघाल्याबरोबर तिला स्वतःची शिसारी आली.

"नऊ वर्षं," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "नऊ वर्षं मी मंत्र्यांना शिव्या देत होते. ह्यांना मारायला कुणीतरी होतं, ह्यांचा कागद पळवायला कुणीतरी होतं, असं मानून जगले मी. आणि इथे शेजारी बसून बिस्किटं खात होतात तुम्ही. जा आता."

त्या रविवारी ताईने आपल्या घरी एकटीने सिनेमा लावला. काळी गाडी आली, बाकावरचा म्हातारा आला. एका प्रसंगात दोन सुटातली माणसं मोठ्या खोलीत कुजबुजत होती आणि मागे, भिंतीपाशी, एक बाई यंत्रात कागद सारत होती. कॅमेरा तिच्याकडे वळलाच नाही. तिला नाव नाही, वाक्य नाही, चेहरासुद्धा नाही. ताईने टीव्ही बंद केला. ही सिनेमावाली माणसं खोटारडी आहेत, असं तिला वाटलं. ती आपल्याला सांगतात की वर कुणीतरी दुष्ट बसलाय आणि तो आपल्यासारख्या क्षुल्लक माणसांसाठी रात्रंदिवस डोकं चालवतोय. केवढी खुशामत. इथे दादा मेला आणि त्याचं खरं लपवण्याची तसदी कुणी घेतली नाही. ज्याने त्याने आपलं काम केलं आणि घरी गेला. तीसुद्धा काम करून घरी गेली होती.

तिने कागद घेतला आणि निवेदन लिहिलं: अहवाल मी नष्ट केला, या तारखेला, न वाचता.

सुनावणीच्या खोलीत वहिनी आधीच येऊन बसली होती. तिने ताईकडे पाहिलं नाही, पण शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. अपील ऐकणारे साहेब सौम्य होते, नुकतेच बदलून आलेले. कोपऱ्यात टायपिस्ट कॉम्प्युटरवर बसली होती. वहिनी लढाईच्या तयारीने आली होती. जाड वही, अर्जांच्या प्रती, पाठ केलेली भाषणं. साहेबांनी साठा नोंदवहीची प्रत घेतली, तारीख पाहिली, आदेश घेतला, तारीख पाहिली.

"हे तर उघडच आहे," ते म्हणाले. "मास्क नव्हतेच. ती ओळ वगळू. स्लाईडचंही कळवतो." आणि टायपिस्टला मजकूर सांगायला लागले. सगळं मिळून दहा मिनिटं झाली नसतील.

"एवढंच?" वहिनीने विचारलं.

"एवढंच, बाई. हे आधी का नाही आणलंत?"

वहिनीचा चेहरा लालबुंद झाला. "मग लपवत कोण होतं?"

"लपवत कुणी नव्हतं हो. अशा गोष्टी राहून जातात."

मग त्यांनी ताईचं निवेदन वाचलं आणि दोन बोटांनी परत सरकवलं. "हे मी घेत नाही. तुमची दोन वर्षं राहिलीत नोकरीची, कशाला नसती चौकशी मागे लावून घेता? 'अहवाल तत्कालीन कर्मचाऱ्याकडून अनवधानाने नष्ट झाला' असं टाकतो. प्रश्न मिटला."

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. या माणसावर नव्हे. तो बिचारा भलाच होता. त्याच्या तोंडून इतक्या सहज आलेल्या त्या वाक्यावर, ज्यात कुणीही नव्हतं.

"साहेब, जुना आदेश जरा मोठ्याने वाचता का?"

साहेबांनी वाचला. दादाचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव, मग हुद्दा, मग 'यांच्या निष्काळजीपणामुळे'.

"त्याची चूक नव्हती, तर बापासकट नाव लिहिलंत," ताई म्हणाली. "माझी चूक आहे, तर मी तत्कालीन कर्मचारी? अनवधान कुणाचं, त्याला नाव आहे. ते लिहा."

"बाई, तुमच्याच भल्यासाठी..."

"लिहा. जास्त त्रास नाही. वडिलांचं नाव आणि आडनाव त्याच्याच ओळीतून उचला, तेच आहे. फक्त पहिलं नाव बदला."

टायपिस्टने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली, ती हो म्हणून की हरलो म्हणून, कळायला मार्ग नव्हता.

"पहिलं नाव काय?" टायपिस्टने विचारलं.

ताईने तोंड उघडलं, पण तिला ते सांगता येईना. वहिनीने सांगितलं. एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, आणि बरोबर उमटतंय का ते बघायला उठून टायपिस्टच्या मागे जाऊन उभी राहिली.